पाळकसाहेब, फ्लेक्स उतरवा आणि वही उघडा

यवतमाळ जिल्ह्यातील सर्व ख्रिस्ती मंडळ्यांचे पाळकसाहेब, पंचकमिट्यांचे सभासद आणि वडीलजन यांस,



तरुण संघाच्या सभेत, महिला मंडळात, लग्नाच्या आशीर्वादात आणि अंत्यविधीतसुद्धा तुम्ही एक गोष्ट हमखास सांगता: ख्रिस्ती माणसानं चारचौघांत आदर्श राहावं. गोष्ट खरी आहे. तक्रार एवढीच, की ती नेहमी समोरच्या बाकांकडे तोंड करून सांगितली जाते. पेत्रानं आपल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात ही अपेक्षा वडीलजनांकडून केली आहे. कळपावर सत्ता गाजवण्यापेक्षा स्वतःच्या वागण्याचा कित्ता त्याच्यापुढं ठेवा, असा त्याचा रोख आहे. म्हणून हे पत्र तुम्हाला. खुलं अशासाठी, की बंद पाकिटातली पत्रं कमिटीच्या बैठकीत ‘पुढच्या वेळी घेऊ’ या शेऱ्याखाली जातात. आणि गावात आपल्याविषयी जे बोललं जातं, ते काही बंद पाकिटात बोललं जात नाही.

डोंगरावरील प्रवचनात येशूनं दोन सूचना दिल्या आहेत आणि वरवर पाहता त्या एकमेकींच्या उलट आहेत. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात तो दिवा झाकून ठेवू नका म्हणतो, चांगली कामं लोकांना दिसू द्या म्हणतो. सहाव्या अध्यायात तोच दानाचा गाजावाजा नको, प्रार्थना दार लावून करा, उपवास चेहऱ्यावर दिसू देऊ नका, असं बजावतो. या दोहोंचा मेळ घालणं अवघड नाही. परक्या माणसाला ज्याची खातरजमा करता येते ते उघड्यावर असावं: व्यवहार, माप, मजुरी, न्याय. ज्यामुळं आपली वाहवा होते ते झाकलेलं असावं. आपण मात्र दोन्हींची अदलाबदल करून टाकली आहे. दान फ्लेक्सवर, उपवास व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर, प्रार्थना भोंग्यावर. आणि जमाखर्चाची वही कपाटात, कपाटाची किल्ली खजिनदारांच्या खिशात, आणि खजिनदार बाहेरगावी. माझी सगळी गाऱ्हाणी या एका अदलाबदलीतून निघतात.

या जिल्ह्यात आपण मूठभर आहोत. वस्तीत एखादंच ख्रिस्ती घर असतं आणि त्या घरावरून गाव सगळ्यांची पारख करतं. ती पारख आजवर बरी होत आली, याचं श्रेय आपलं कमी आणि आधीच्यांचं जास्त. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्री मेथडिस्ट मिशनरी या भागात आले. पांढरकवड्याजवळ उमरीला दवाखाना उभा राहिला. १९५३ साली यवतमाळात युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली आणि १९८३ मध्ये पुण्याला जाईपर्यंत तीस वर्षं देशाच्या कानाकोपऱ्यातली मुलं इथं पाळक व्हायला येत राहिली. देशभरातल्या मंडळ्यांना ज्या गावानं पाळक घडवून दिले, त्या गावातल्या मंडळ्यांनी आज काय घडवलं, असं कुणी विचारलं तर आपल्यापाशी उत्तर हवं. पूर्वजांची पुण्याई व्याजावर किती वर्षं चालेल?

आता एकेक गाऱ्हाणं मांडतो, आणि प्रत्येकासोबत एक विनंतीही.

पहिलं गाऱ्हाणं हिशेबाचं. रविवारी अर्पणाची थैली फिरते तेव्हा तिच्यात हात घालणाऱ्यांत धुणीभांडी करणाऱ्या बाया असतात, हमाल असतात, पेन्शनीवर आलेले शिक्षक असतात. काही घरं दशांश काटेकोर काढतात. कापणीच्या सणाला तुरीची पोती, भोपळे, कोंबड्या लिलावात निघतात आणि बोली चढत जाते. त्या पैशाचं पुढं काय झालं, हे वर्षाकाठी एकदा ‘सर्व ठीक आहे’ एवढ्या भाषेत कळतं. आपल्यातल्या ज्या संस्था महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेल्या आहेत, त्यांना दरवर्षी हिशेब तपासून घेऊन धर्मादाय कार्यालयात द्यावेच लागतात. सरकारला दाखवायचे ते कागद वर्गणी देणाऱ्या विधवेला दाखवायला हरकत कसली? यरुशलेमच्या गरिबांसाठी गोळा केलेली मदत पौलानं एकट्याच्या भरवशावर ठेवली नाही. तीताबरोबर मंडळ्यांनी निवडलेला माणूस दिला, वर आणखी एक भाऊ दिला, म्हणजे देवापुढं तर नाहीच, पण माणसांपुढंही शंकेला जागा उरू नये. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात हा सगळा बंदोबस्त सापडतो. पौलाला साक्षीदार लागले, तर आपल्या खजिनदारांना पावतीपुस्तक लागलं म्हणून त्यांचा अपमान होत नाही. बारा शिष्यांत पैशाची थैली कुणाकडं असे, हे योहानानं उगाच नोंदवून ठेवलेलं नाही.

विनंती: दर महिन्याचा जमाखर्च मराठीत, मोठ्या अक्षरांत चर्चच्या दारावर लावा. बाहेरच्यानं वाचला तर वाचू द्या.

दुसरं गाऱ्हाणं जमिनीचं. मिशनऱ्यांनी मागं ठेवलेली आवारं कधीकाळी गावाबाहेर होती, आता गावाच्या मधोमध आली. जमीन एकरातून चौरस फुटात मोजली जाऊ लागली आणि आपले स्वभावही तसेच आखूड झाले. एकाच मंडळीच्या दोन कमिट्या, दोन शिक्के, दोन लेटरहेड. दोघांचेही बदल अहवाल धर्मादाय कार्यालयात धूळ खात, आणि दोन्हीकडचे वकील मात्र नाताळच्या केकला एकत्र. विश्वस्तांत बदल झाला तर ९० दिवसांत कळवा, असं कायदा सांगतो. ट्रस्टची स्थावर विकायची तर कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची मंजुरी आधी घ्या, असंही सांगतो. काही ठिकाणी आधी इसार होतो, मग मंजुरीची आठवण होते आणि सर्वांत शेवटी देवाची इच्छा शोधली जाते. भावानं भावाला कोर्टात खेचण्यावरून पौलानं करिंथकरांची कशी हजेरी घेतली, ते पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात आहे. त्या अध्यायावर आपल्याकडं शेवटचा संदेश कधी झाला, ते तुम्हीच आठवून पाहा. ज्यांच्या तारखा चालू आहेत त्यांना तो व्यासपीठावरून वाचणं जड जात असावं.

विनंती: जिल्ह्यातल्या मंडळ्यांनी मिळून तीन माणसांचा लवाद नेमा. त्यात एक जण दुसऱ्या पंथाचा आणि एक बाई असावी. वाद मिटेपर्यंत दोन्ही बाजूंच्या पुढाऱ्यांनी पदं सोडावीत. आणि सर्वसाधारण सभेत वाचून दाखवल्याशिवाय आवारातली हातभर जागासुद्धा भाड्यानं किंवा करारानं जाऊ नये.

तिसरं गाऱ्हाणं मला सर्वांत जास्त बोचतं. दिवाळीनंतरची संध्याकाळ असते. वेचणाऱ्या बाया दिवसभराचा कापूस गाठोड्यात बांधून बांधावर आणतात. बाभळीच्या फांदीला काटा टांगलेला. मालक आकडा वाचतो आणि वहीत लिहितो. किलोमागं ठरलेला चुकारा बाजाराच्या दिवशी मिळायचा. फडक्याच्या वजनाच्या नावाखाली प्रत्येक गाठोड्यामागं थोडं थोडं खाली उतरतं. ऐंशी ग्रॅमच्या फडक्याचं वजन वहीत पाव किलो भरतं. एका बाईनं गाठोडं उचलता उचलता विचारलं, “तुमचा देव सारं पायते म्हन्ता ना मालक, मंग काटा कायले झुकते?” मालक आपल्यातला होता. रविवारी शास्त्रवाचनाला उभा राहणारा.

मापात पाप नको, हे मराठी माणसाला वेगळं शिकवावं लागत नाही. खोट्या तराजूची चीड नीतिसूत्रांत आहे आणि याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात शेतमजुराची दाबून ठेवलेली मजुरी देवाच्या कानापर्यंत जाते. हे सगळं पाठ असलेल्या माणसाचा काटा गावात सर्वांत सरळ असायला हवा. ज्या दिवशी वेचणाऱ्या बाया आपसांत ‘त्यायच्या वावरात मोजमाप बरोबर असते’ असं म्हणून आपल्या वावराकडं वळतील, त्या दिवशी वेगळी साक्ष द्यायची गरज राहणार नाही. हीच गोष्ट शाळा चालवणाऱ्यांची, जिथं जास्त पगारावर सही घेऊन हातात कमी ठेवलं जातं. हीच गोष्ट व्याजानं पैसे लावणाऱ्यांची. २०१४ च्या सावकारी कायद्याप्रमाणं परवान्याशिवाय सावकारी करणं गुन्हा आहे. ‘अडल्याला मदत केली’ असं म्हटल्यानं दरमहा शेकडा पाचचं व्याज दान होत नाही. जक्कय उंबराच्या झाडावर चढला हे आपण संडे स्कूलच्या पोरांकडून कृतिगीतात करून घेतो. तो खाली उतरल्यावर फसवलेल्यांना चौपट परत द्यायला निघाला, तिथवर गाणं पोचू द्या.

विनंती: सुरुवात स्वतःच्या आवारातून करा. चर्चचा चौकीदार, कबरस्तानातला खड्डा खणणारा माणूस, सफाईची बाई यांना किमान वेतन आणि वेळेवर पैसे. मग संदेश द्या.

चौथं गाऱ्हाणं दानाच्या तमाशाचं. नाताळच्या आठवड्यात ब्लँकेट वाटतात. ब्लँकेटचं एक टोक म्हातारीच्या हातात, दुसरं प्रमुख पाहुण्यांच्या हातात, मधे कमिटीचे सात जण. फोटो नीट आला नाही म्हणून दिलेलं ब्लँकेट परत घेऊन पुन्हा दिलं जातं. पाहुण्यांना यायला दोन तास उशीर होतो, तोवर त्या बाया थंडीत, ज्या थंडीसाठी ब्लँकेट आणलं त्याच थंडीत, रांगेत. सोन्याची अंगठी घातलेल्याला पुढची जागा आणि मळक्या कपड्यातल्याला मागं उभं करणाऱ्या मंडळीला याकोबानं दुसऱ्या अध्यायात चांगलंच सुनावलं आहे. आपल्याकडं अंगठीच्या जोडीला लाल दिवा आला, आणि दिवा गेल्यावरही सोफा तसाच राहिला.

२०१९ च्या जानेवारीत याच यवतमाळात ९२ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. उद्घाटनासाठी बोलावलेल्या लेखिका नयनतारा सहगल यांचं निमंत्रण मागं घेतल्यावरून राज्यभर वादळ उठलं आणि अखेर उद्घाटन वैशाली येडे या शेतकऱ्याच्या विधवेच्या हस्ते झालं. वादातून का होईना, व्यासपीठावर मधली जागा कुणाची असू शकते हे साहित्यिकांना सुचलं. नाताळाला, तेही गोठ्यात जन्मलेल्याच्या वाढदिवसाला, ते आपल्याला एकदाही का सुचू नये?

विनंती: एक वर्ष दानाचा एकही फोटो नको. उजव्या हातानं दिलेलं डाव्या हाताला कळू देऊ नका. आणि प्रमुख पाहुण्यांच्या खुर्चीवर वेचणीला जाणाऱ्या एखाद्या आजीला बसवा. भाषण नाही केलं तरी चालेल.

पाचवं गाऱ्हाणं चंगाईच्या सभांचं. आजाऱ्यासाठी प्रार्थना करू नका असं मी म्हणत नाही, मीही करतो. पण विदर्भात सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ आहेत, आणि अशा पोराला रोजची गोळी सोडायला सांगणं किंवा क्षयाचा कोर्स अर्ध्यावर तोडायला लावणं हा विश्वास नाही, दुसऱ्याच्या जिवाशी खेळ आहे. उमरीला दवाखाना बांधणाऱ्यांना प्रार्थना आणि औषध यांत भांडण दिसलं नाही. रजनीकांत आणि मेबल आरोळे हे ख्रिस्ती डॉक्टर दांपत्य १९७० मध्ये जामखेडला गेलं. शाळा न पाहिलेल्या खेड्यातल्या बायांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून घडवलं. विंधन विहिरी दलित वस्तीत घेतल्या, म्हणजे पाण्यासाठी सगळ्या गावाला तिथं यावं लागेल. १९७९ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जगभरातले लोक जामखेड बघायला येऊ लागले. बघायला येणाऱ्यानं विश्वास ठेवावा अशी अट नव्हती. मुलं जगतात की नाही हे कुणालाही मोजता येत होतं. मत्तयाच्या पाचव्या अध्यायातला दिवा म्हणतात तो हा.

विनंती: व्यासपीठावरून स्पष्ट सांगा, की डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय कुणीही गोळी बंद करायची नाही. आणि सभेच्या मंडपाचा निम्मा खर्च वसंतराव नाईक वैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात व्हरांड्यात झोपणाऱ्या नातेवाइकांच्या जेवणावर करा, डब्यावर मंडळीचं नाव न छापता.

सहावं गाऱ्हाणं लग्नाचं. वेदीपुढं सगळे ख्रिस्तात एक, आणि स्थळ बघताना पहिला प्रश्न ‘मूळचे कोण?’ लक्ष्मीबाई टिळकांनी सोवळ्यात आयुष्य काढलेलं असताना जात माणसानं केली हे स्वतःच्या विचारानं ठरवलं आणि कुणाच्याही हातचं पाणी घेतलं. तो प्रसंग आपण मोठ्या अभिमानानं सांगतो आणि घरी येऊन मुलीच्या स्थळाची पोटजात विचारतो. हुंड्याला ‘मुलाच्या शिक्षणाचा खर्च’ म्हणतो. मंडपात प्रार्थना आणि मंडपामागं बाटली. शेजारच्या वर्ध्यात दारूबंदी आहे. या जिल्ह्यात ती व्हावी म्हणून खेड्यापाड्यातल्या बायांनी मोर्चे काढले, निवेदनं दिली. त्या मोर्च्यांत आपली महिला मंडळं ठळकपणे दिसायला हवी होती.

विनंती: हुंडा घेतल्याचं कळलं तर ते लग्न लावायला पाळकसाहेबांनी नकार द्यावा. एकदाच द्या. दुसऱ्यांदा वेळ येणार नाही.

सातवं गाऱ्हाणं शेजारधर्माचं. १९ मार्च १९८६ रोजी महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी पत्नी आणि मुलांसह आयुष्य संपवलं. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी १९ मार्चला राज्यातले कितीतरी लोक दिवसभर अन्नत्याग करतात. पुनरुत्थानाचा सण कितीही लवकर किंवा उशिरा येवो, १९ मार्च ही तारीख नेहमी आपल्या उपवासकाळातच पडते. चाळीस दिवस आपण उपवास-प्रार्थना करतो, आपल्याच जिल्ह्यातल्या दुःखासाठी शेजारी उपाशी बसतो, आणि दोन्ही उपवासांची एकमेकांशी ओळख नाही. २०१७ च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेनं या जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. त्यांच्या दारात आपल्यापैकी किती जण जाऊन बसले?

आत्महत्या झालेल्या घराला सरकारची एक लाखाची मदत मिळते, पण प्रकरण ‘पात्र’ ठरलं तर. सातबारा कुणाच्या नावावर, कर्ज बँकेचं की सावकाराचं, तगाद्याचा पुरावा कुठं, या कागदांत ती बाई हरवून जाते. आपल्या मंडळ्यांत निवृत्त शिक्षक आहेत, तलाठी कार्यालयात आयुष्य काढलेले कारकून आहेत, नर्सेस आहेत. तिच्यासोबत तहसीलला जाऊन रांगेत उभं राहणं यांना सहज जमेल. तिथं पत्रिका वाटू नका, नाव नोंदवू नका, ‘आमच्या सभेला या’ म्हणू नका. फक्त काम होईपर्यंत सोबत राहा.

विनंती: येत्या १९ मार्चचा उपवास गावातल्या अन्नत्याग करणाऱ्यांसोबत, त्यांच्या मंडपात, त्यांच्या शेजारी बसून करा. माइक मागू नका.

हे वाचून तुमच्यापैकी काही जण म्हणतील, आधीच बाहेर आपल्यावर संशयाचं वातावरण आहे, त्यात घरातल्यानंच हे काढायचं? प्रार्थनेला जमलेल्यांवर कुणी हात उगारला, तर घटनेच्या २५ व्या कलमावर बोट ठेवून उभं राहायला मी तुमच्या आधी येईन. पण हिशेब मागणं म्हणजे छळ नव्हे. पावती मागणाऱ्याला सैतानाचा हस्तक ठरवून आपण खरा छळ सोसणाऱ्यांची थट्टा करतो. आणि संशय घेणाऱ्यांना उत्तर द्यायचं तर उघडी वही आणि सरळ काटा यांहून चोख उत्तर मला तरी सुचत नाही.

नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनची पगारी नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यांची पदं आपण दर रविवारी गातो. नोकऱ्या सोडायला मी कुणाला सांगत नाही. मागणं फार लहान आहे: जे दार लावून करायचं ते दार लावून करा, आणि जे उजेडात ठेवायचं ते उजेडात आणा.

या पत्राला उत्तर हवं आहे, तेही लेखी. पुनरुत्थानाच्या सणाआधी तीन गोष्टी झाल्या तरी मी आभार मानीन: दारावर लागलेला जमाखर्च, वादांसाठी नेमलेला लवाद, आणि आवारात काम करणाऱ्यांचं वेतन. झाल्या नाहीत तरी मी मंडळी सोडून जाणार नाही आणि अर्पणही थांबवणार नाही. फक्त दर रविवारी थैलीत पैसे टाकल्यावर उपासना संपताच खजिनदारांपुढं उभा राहीन आणि पावती मागेन. माझ्यामागं आणखी चार जण उभे राहतील, अशी माझी खात्री आहे.

आपल्या सेवेत देवाचं साहाय्य असो.

आपला विश्वासू,
मंडळीतील एक सभासद,
यवतमाळ